वासावरून दिलेला निकाल

बुटाचा वास घेऊन तो असली की नकली हे सांगणारा माणूस, अशी रायपुरात माझी चार-पाच वर्षं ओळख होती. रस्त्यात अनोळखी मुलं थांबवायची आणि पायातला बूट काढून माझ्या तोंडापुढे धरायची. 'नाकवाले काका' म्हणायची मला. वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. या अंकाच्या संपादकांनीही 'जरा गमतीचं लिहा' असंच सांगितलं होतं. मी गमतीचं लिहायला बसलो, दोन पानं झालीही, आणि मग ती फाडून टाकली. दिवाळीच्या अंकात दुःखाचं काही देऊ नये हे मला कळतं. पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोट्याचा मी आता फार धसका घेतला आहे.

तात्यापारा या जुन्या वस्तीजवळच्या एका जोड्यांच्या दुकानात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मुलगा दुसऱ्यांचे पाय हातात घेऊन जोडे चढवतो हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. 'प्रायव्हेटमध्ये आहे' एवढंच सांगायचे. पुढे वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, साहेब लोक आले, मोठमोठी काचेची दुकानं आली आणि लोकांच्या पायात भारी किमतीचे खेळाचे बूट दिसू लागले. या बुटांना आमच्या उन्हाची सवय नव्हती. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बूट राहिला की संध्याकाळी त्याचा तळ जबड्यासारखा उघडायचा. लोक दुकानात येऊन भांडायचे. मालक म्हणाले, शरद, याचं काहीतरी शिकून घे. मी शिकलो.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बहुतेक जण चिकटवायचं सोल्युशन थापतात आणि लगेच दाबून मोकळे होतात, म्हणून महिन्याभरात तळ पुन्हा सुटतो. आधी जुनं सोल्युशन खरवडून काढायचं. मग नवीन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि थांबायचं. बोट लावलं की बोटाला ओढलं पाहिजे, पण लागता कामा नये. तेवढ्या वेळात गरम हवेचा झोत द्यायचा आणि मग अंगातली सगळी ताकद लावून दाबायचं. हे थांबणं कुणाला जमत नाही. मला जमलं, म्हणून मालकांनी दुकान बंद केलं तेव्हा शंकर नगरातल्या एका कॉम्प्लेक्समध्ये जिन्याखालची जागा घेऊन मी माझं बाकडं लावलं.

माझं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे पिंपळकर डॉक्टर. दातांचे डॉक्टर, वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि वेड बुटांचं. बाहेर देशात कुणी नातेवाईक होता, तो येताना यांच्यासाठी जोड घेऊन यायचा. त्यांच्यासारखे आणखी चार-पाच जण शहरात होते. रविवारी सकाळी एका कॉलेजच्या मैदानावर ही मंडळी बास्केटबॉल खेळायला जमायची. खेळ यथातथाच. सगळं लक्ष एकमेकांच्या पायांकडे. तुझा जोड मला दे, माझा तू घाल, असं चालायचं. विकायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. आणि घालायचे म्हणजे फाटेपर्यंत घालायचे. मी एकदा म्हटलं, डॉक्टरसाहेब, एवढा महागाचा बूट, जरा जपून वापरा. ते म्हणाले, "शरदभाऊ, दात काय कपाटात ठेवले तर जास्त टिकतात का?"

डॉक्टरांचे बूट घेऊन यायचा त्यांच्या दवाखान्यातला राजेश ढोबळे. पंचविशीतला, हसरा. वडील नामदेवराव रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, घर गुढियारीच्या कामगार वस्तीत. नामदेवरावांना मी गणपतीच्या मंडळापासून ओळखत होतो. राजेशला मराठी सगळी कळायची, पण बोलायचा हिंदीत. बूट देऊन तो निघून जायचा नाही. बाकड्याजवळ उकिडवा बसून मी काय करतो ते पाहत राहायचा. डॉक्टरांचा आणि त्याचा पाय एकाच मापाचा होता. डॉक्टर हृदयविकारानं अचानक गेले, आणि डॉक्टरीणबाईंनी पुण्याला मुलीकडे जाण्याआधी त्यांचे सगळे जोड राजेशला देऊन टाकले. "घालणारा पाहिजे," असं त्या म्हणाल्या होत्या. राजेशनं ते धुऊनपुसून, रंग लावून असे उभे केले की मलाही आपल्या शिष्याचं कौतुक वाटलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत सगळं पालटलं. लोक फोनवर बुटांचे फोटो टाकू लागले. आधी पायातल्या बुटांचे, मग हातातल्या आणि मग खोक्यातल्या. कंपन्या मोजकेच जोड काढायच्या आणि त्यांची फोनवर सोडत व्हायची. एका गृहस्थानं घरातल्या सगळ्यांचे फोन, कामवाल्या बाईचासुद्धा, सोडतीला लावल्याचं मला अभिमानानं सांगितलं. मिळालेला जोड दुसऱ्याच दिवशी दुप्पट-तिपटीनं विकायचा. पायात घातला की किंमत पडते, म्हणून घालायचाच नाही. माझ्याकडे येणारी माणसंही बदलली. पूर्वी येणारा विचारायचा, "नीट होईल का हो?" आता विचारू लागले, "असली आहे का?" नुसती रिकामी खोकी विकत घेणारा एक जण होता. मागे भिंतीला खोकी लावून तो व्हिडिओ करायचा, आणि आत काहीच नसायचं.

असाच एक बिल्डरचा जावई होता. त्यानं चाळीस जोड वातानुकूलित खोलीत प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून ठेवले होते. मेहुण्याच्या लग्नात त्यातला सगळ्यात जुना जोड बाहेर काढला, घातला, आणि मांडवात दहा पावलं चालला तर तळाचा भुगा झाला. मागे पांढरा चुरा सांडत होता आणि लोक हसत होते. तो पिशवीत चुरा भरून माझ्याकडे आला. मी सांगितलं, या बुटांच्या तळात एक मऊ थर असतो, तो चालण्यानं दबतो-फुगतो तोवरच बरा राहतो, कोंडून ठेवला तर आतल्या आत सडतो. चिकटवायला काही उरलेलं नाही. तो पिशवीला गाठ मारत म्हणाला, "काका, ये बात किसी को बताना मत. बाकी जोड निकाल देता हूँ." त्यानं ते खरंच विकले, आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता नाकाचं. कारखान्यातल्या सोल्युशनचा वास वेगळा असतो, फिका, जवळजवळ नसल्यासारखा. नकली बूट जिथे बनतात तिथे आपल्या बाजारातलं पिवळं सोल्युशन वापरतात. त्याचा वास उग्र, डोक्यात जाणारा. वर्षानुवर्षं मी तेच हाताळलं, म्हणून मला तो बंद खोक्यातूनही यायचा. पण खरं सांगायचं तर नुसत्या वासावर मी कधी निकाल देत नसे. शिलाई पाहायचो, बुटाच्या जिभेच्या आतली चिठ्ठी पाहायचो आणि शेवटी सुकतळा उचलायचो. सुकतळा म्हणजे बुटात पायाखाली असते ती गादी. तिच्याखालचं कापड आणि शिवण पाहिली की बूट कुठे जन्माला आला ते कळतं. तिथे खोटं सहसा कुणी करत नाही, कारण तिथे कुणी बघत नाही.

मग करण आला. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, माझ्या बाकड्यापासून वीसेक पावलांवर त्यानं बुटांच्या खरेदी-विक्रीचं दुकान टाकलं होतं. तरतरीत माणूस, तिशीचा, बोलायला गोड. फोनवर त्याला हजारो लोक पाहायचे. मी बूट हुंगताना त्यानं एकदा गंमत म्हणून व्हिडिओ काढला आणि तो गावभर झाला. मग रोजचंच झालं. तो म्हणायचा, "काका, आप बस सूँघो और बोलो. पब्लिक को वही चाहिए." सुकतळा उचलू दिला नाही त्यानं. चिकटवलेला असतो, उचलला की फाटतो, आणि जोडाची किंमत जाते. शिवाय कॅमेऱ्यापुढे एक माणूस दहा मिनिटं बुटात डोकं घालून बसलेला कोण पाहणार? मी बूट नाकाशी न्यायचो, डोळे मिटायचो, थोडं थांबायचो आणि 'असली' किंवा 'नकली' म्हणायचो. ते थांबणं तर मी मुद्दाम वाढवलं होतं.

मला ते आवडायचं. आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसलेल्या माणसाला लोक वर मान करून पाहायला लागले तर त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. बायको म्हणायची, "जोडे चिकटवता तर जोडे चिकटवा नं. निकाल काहून देता?" मी म्हणायचो, तुले काय समजते त्यातलं.

इकडे राजेशही फोनवरून जोड विकू लागला होता. दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांनी घेतला होता, तिथली नोकरी होतीच. जोडीला हे. आधी लोकांकडचे जोड स्वच्छ करून द्यायचा, मग अडल्यानडल्याचे विकून द्यायला लागला. बोलणं सरळ, दोष असेल तर फोटोत दाखवायचा. गुढियारीतलं कुणी मोठं दुकान उघडत नाही, पण त्यानं शंकर नगरात गाळा बघून ठेवला होता. नामदेवराव मंडळात भेटले की हळूच सांगायचे, "पोट्ट्याचं बरं चालून राहिलं, शरदभाऊ. लोक इमानदार म्हणतेत त्याले." खलाशाच्या नोकरीत आयुष्य गेलेला तो माणूस हा एक शब्द दोनदा-तीनदा म्हणायचा. गाळ्यासाठी आगाऊ रक्कम हवी म्हणून राजेशनं डॉक्टरांच्या जोडांतला एक विकायला काढला. उंच घोट्याचा, लाल-काळा.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला इतकंच माहीत आहे की एका दुपारी करण एका गिऱ्हाईकाला घेऊन आला, कॅमेरा सुरू केला आणि लाल-काळा जोड माझ्या हातात दिला. मी नाकाशी नेला. पिवळ्या सोल्युशनचा वास आला. जुना, मुरलेला, पण तोच. तळाच्या कडेला नखानं पाहिलं तर हातानं चिकटवल्याची रेघ होती. मी डोळे मिटले, थांबलो आणि म्हणालो, "नकली. हा कारखान्यात चिकटवलेलाच नाही." आणि वर, करणला आवडतं म्हणून, एक वाक्य आणखी जोडलं. "ज्यानं हा विकला त्यानं तुमच्या तोंडाला पानं पुसली."

संध्याकाळी व्हिडिओ निघाला तेव्हा त्यावर राजेशचं नाव, फोटो आणि 'गुढियारी का ठग' असं लिहिलेलं होतं. मला धक्का बसला, नाही म्हणत नाही. पण तो धक्का राजेशचा होता. पोरगा असा निघाला, असं वाटलं. आपण चुकलो असू हे मनाला शिवलं नाही.

रात्रीच राजेशचा फोन आला. "काका, वो डॉक्टर साहब का जोड है. आपने ही चिपकाया था. मैं ही लाया था आपके पास. सुकतळा उठाके देखो, आपकी निशानी होगी."

माझी एक सवय होती. दुरुस्तीला आलेले जोड एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सुकतळ्याखालच्या कापडावर मी पेन्सिलीनं गिऱ्हाईकाचं नाव, महिना-वर्ष आणि 'श' लिहायचो. राजेशला ते माहीत होतं, कारण तो तिथे बसून पाहायचा. पण मला वाटलं, बघा, कसा पक्का आहे. मेलेल्या डॉक्टरांचं नाव पुढे करतो आणि माझ्याच खुणेचा हवाला देतो. मी हात लावलेला प्रत्येक जोड मला आठवतो, अशी माझी घमेंड होती. डॉक्टरांचा जोड माझ्या डोक्यात मळका, वाकलेला, घोट्याला भेगा पडलेला असाच होता. हातात आलेला तर लखलखत होता. तो राजेशनं लखलखीत केला होता, आणि ते कसं करायचं हे तो माझ्याच बाकड्याजवळ शिकला होता, एवढं साधं मला सुचलं नाही. "मी जे बोललो ते बोललो," असं म्हणून मी फोन ठेवला.

पुढच्या आठ दिवसांत जे झालं ते मी कॉम्प्लेक्समध्ये बसून ऐकत होतो. ज्यांनी ज्यांनी राजेशकडून कधी काही घेतलं होतं ते सगळे, चांगला जोड मिळालेलेसुद्धा, पैसे मागायला गुढियारीत पोचले. दारात उभं राहून फोनवर शूटिंग करत होते. कुणीतरी दारावर चपलांची माळ लटकवली. राजेशनं उरलेले सगळे जोड आणि गाडी विकून एकेकाचे पैसे परत केले. दवाखान्यातून त्याला काढलं. गाळा गेला. लाल-काळ्या जोडाचेही पैसे त्यानं दिले, पण जोड त्याला परत मिळाला नाही. करणनं तो पुरावा म्हणून ठेवून घेतला आणि दुकानातल्या काचेच्या कपाटात 'नकली' अशी चिठ्ठी लावून मांडला. माझ्या बाकड्यावरून तो दिसायचा.

एका सकाळी नामदेवराव आले. इस्त्रीचा सदरा घालून, जणू कुणाच्या घरी बोलणी करायला निघाले आहेत. मी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"शरदभाऊ, तुमी एकदा उघडून पाहा," ते म्हणाले. "पोट्टा म्हणून राहिला का आत तुमचीच खूण आहे."

मी म्हटलं, "नामदेवराव, हजार लोकांसमोर बोललो आहे मी. आता पोराच्या सांगण्यावरून शब्द फिरवू का?"

"फिरवा नाही म्हणून राहिलो. पाहा म्हणून राहिलो."

"मले पाहायची गरज नाही. चाळीस वर्षांचं नाक आहे हे."

मला वाटलं ते भांडतील, आणि भांडावं असंही वाटलं, म्हणजे मला चिडता आलं असतं. पण त्यांनी मान हलवली. "हव," म्हणाले. "तुमी खोटं काहून बोलसान." आणि पाठ फिरवून निघून गेले. काचेच्या कपाटावरून जाताना त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

चार महिन्यांनी नामदेवराव वारले. मंडळाच्या लोकांबरोबर मी मारवाडी स्मशानघाटावर गेलो होतो. राजेशनं मला पाहिलं आणि तो दुसरीकडे पाहू लागला. त्यानं अग्नी दिल्यावर मी लगेच निघालो.

त्याच्या पुढच्या वर्षी करणनं दुकान मोठं केलं. सगळं सामान हलवताना त्यानं तो लाल-काळा जोड माझ्या बाकड्यावर आणून टाकला. "काका, रख लो. किसी गरीब के जूते में इसका तला लगा देना." मलाही एक तळ हवाच होता. मी उन्हात ठेवून जोड तापवला आणि तळ सोडवायच्या आधी, सवयीनं, सुकतळा उचलला.

खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: पिंपळकर, महिना, वर्ष, आणि 'श'. अक्षर माझं. मी शिकलो तशी 'श'ची गाठ आता कुणी काढत नाही. म्हणजे बूट असली होता. मला जो वास आला होता तो माझ्याच हाताचा होता. मी माझंच काम हुंगलं आणि दुसऱ्याला चोर ठरवलं.

मी तसाच जोड घेऊन करणकडे गेलो आणि म्हटलं, दुसरा व्हिडिओ कर, मी चुकलो असं सांगतो. त्यानं खूण पाहिली. त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग त्यानं दार लोटून घेतलं. "काका, पुराना मामला है. लोग भूल गए. अब बोलोगे तो आपके पुराने सब निर्णय पर सवाल उठेगा. मेरे भी." मी खूप बोललो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाहेरपर्यंत सोडलं. शेवटी मुलीनं तिच्या फोनवरून माझा व्हिडिओ काढला. बूट, खूण, सगळं दाखवलं, हात जोडले. तो आमच्या नातेवाइकांनी पाहिला आणि आणखी थोड्यांनी. खाली एकानं लिहिलं, काकाजी सठिया गए, म्हणजे म्हातारचळ लागला. ज्या व्हिडिओत मी राजेशला बुडवलं तो अजूनही फिरतो आहे. मध्यंतरी दुर्ग शहरातल्या एका माणसानं मला तो दाखवून विचारलं, हे तुम्हीच ना?

नाक चालवणं मी त्या दिवशी बंद केलं. आता फक्त चिकटवतो. पण त्यानं काय होतं? म्हणून एका रविवारी जोड पिशवीत घालून मी गुढियारीला गेलो.

राजेश घरीच होता. ट्रान्सपोर्टच्या गोदामात आलेल्या-गेलेल्या मालावर खुणा करायचं काम करतो. केस पिकले होते, चाळिशीही नसताना. पायात साध्या रबरी चपला. मी काही न बोलता जोड काढला, सुकतळा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं वाकून पाहिलंही नाही.

"मले माहीत आहे काका," तो म्हणाला. माझ्याशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मराठीत बोलला असेल. "मी समोर बसलो होतो तुमी लिहिलं तवा."

मी म्हटलं, "राजेश, मी चुकलो."

"हव." त्यानं जोड माझ्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. "मले लोकायचं काही नाही, काका. लोक येऊन शिव्या देऊन गेले, पैसे घेऊन गेले, संपलं. पण बाबा तुमच्याकडून आले नं त्या दिवशी, तर म्हणाले, शरदभाऊ खोटं बोलत नाही. मंग खोटं कोण बोलून राहिला? त्याच्यानंतर माझ्या हातचं पाणी नाही घेतलं त्यायनं. दवाखान्यात होते तवाबी आईच्या हातानं प्यायचे. मी पुढं केला का ग्लास, तोंड फिरवायचे."

हे मला माहीत नव्हतं. बाप आपल्या मुलावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवून गेला. मी भिंतीला टेकलो. रडण्याचा हक्क मला नव्हता, तरी डोळे भरून आले.

आतून वहिनी आल्या, नामदेवरावांच्या पत्नी. त्या सगळं ऐकत असाव्यात. त्यांनी जोड उचलला, उजेडात धरला आणि आत पाहिलं. लिहिता-वाचता येत नाही त्यांना.

"काय लिहिलं आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. डॉक्टरांचं नाव, महिना, वर्ष, माझं अक्षर.

"म्हणजे पोट्टा खरं बोलून राहिला होता."

"हो, वहिनी."

त्यांनी सुकतळा बोटांनी वर केला, पुन्हा खाली बसवला, पुन्हा वर केला. तो सहज उचलला जात होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"हे आले होते तवा उघडून पाहाले तुमाले किती वेळ लागला असता?"

राजेशनं मान वर केली. दोघं माझ्याकडे पाहत होते, आणि त्या घरात मला एकदा तरी खरं बोलायचं होतं.

"दोन मिनिटं, वहिनी," मी म्हटलं.